लेख बाईचाच आहे

३ जानेवारी
संपादक सर जूनमध्ये निवृत्त. जर्नलची खुर्ची मलाच मिळणार, हे शेंबडं पोरही सांगेल. नवा संकल्प: निःपक्षपाती आहेच, आता दिसायचंही.

११ जानेवारी
मीटिंग. सहसंपादक बाईंनी आकडे मांडले. आमच्या बावीस परीक्षकांत बायका दोन, त्याही सरांनी नेमलेल्या. बायकांचे लेखही जास्त परत जातात म्हणे. म्हणून यापुढे लेखकाचं नाव झाकून लेख तपासायला द्यायचे. सर माना डोलावत होते. मी म्हटलं, बायकांना घरचा व्याप, त्या परीक्षणाला नाहीच म्हणतात. बाईंनी विचारलं, आजवर किती जणींना विचारलंत? एकीलाही नाही. उगाच कशाला कुणाला त्रास! याचं कौतुक कुणाला नाही.

१९ जानेवारी
नाव झाकलेला पहिला लेख माझ्याकडे. पहिल्याच पानावर ओळखलं, बाईचा. "कदाचित", "बहुधा", "असे म्हणता येईल". ठाम विधान औषधालाही नाही. वर स्वतःच्या जुन्या लेखातली चूक कबूल केलीय. पुरुष असलं काही करत नाही. मी तर कधीच केलं नाही.

२० जानेवारी
अहवाल पाठवला. "विषय लेखिकेच्या आवाक्याबाहेरचा. अनुभवी पुरुष सहकाऱ्याची मदत घ्यावी." बायकांशी मी सौम्यच वागतो.

२ फेब्रुवारी, रविवार
माझा नवा लेख बायकोकडे दिला. तीही प्राध्यापक, पण सकाळच्या कॉलेजात. ती नुसती भाषा बघते. शिवाय तक्ते, संदर्भ आणि मुद्दा कुठे भरकटला तर तो. लेखाखाली तिचे आभार मानावेत असं मनात आलं होतं. पण घरच्या माणसाचे कसले आभार?

१७ फेब्रुवारी
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बाई आधीच बसलेल्या. सर म्हणाले, नवी पद्धत कशी चालते ते बघायला पहिला लेख सरांनी स्वतःचाच घातला होता. मग माझा अहवाल मोठ्याने वाचला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण खांदे हलत होते. सल्ला मोलाचा आहे, सर म्हणाले. अनुभवी पुरुष सहकारी खूप शोधला, सापडला नाही. म्हणून खुर्ची बाईंना देतोय.

१८ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. माझा अंदाज चुकलेला नाही. सरांचा लेख त्यांच्या बायकोने लिहिला असणार. तसं बायकोला बोललो. तिने लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, असेल हो, घरोघरी मातीच्या चुली.

२१ फेब्रुवारी
बायकोने माझा लेख टेबलावर परत ठेवलाय. लाल पेनाचा एक ठिपका नाही. बाईंनी बायकोला परीक्षक व्हाल का विचारलं, ती फोनवरच हो म्हणाली. आता तिला वेळ नाही म्हणे. माझं काहीही अडत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
लेख एकटाच पुरा करतोय. अवघड काय आहे त्यात? सकाळी बसलो, आता दिवेलागण झाली. शेवटच्या परिच्छेदाची सुरुवात जमली: "कदाचित असे म्हणता येईल की".