भिंती पांढऱ्याच आहेत

सोमवार, ३ फेब्रुवारी १९८६, मुलुंड
लालबागची चाळ सुटली. स्वतःचा ब्लॉक, दुसरा मजला, हवा झकास. चुन्याचे दोन हात मीच मारले. रंगाऱ्याला जमणार नाही असा पांढरा. वनमाला म्हणाली, डोळे दिपतात. स्वयंपाकघराच्या दारामागे तिच्या हृदयाच्या गोळीचा तक्ता लावला. माझं शिक्षण सातवी, पण औषधांचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन दोनदा वाचलंय. रोज सकाळी गोळीआधी नाडी मोजतो. आज ७२.

शुक्रवार, ७
तिला इथल्या डॉक्टरांना दाखवलं. आधी काय चालू आहे, विचारलं. मी इंग्रजीत सांगू लागलो तर हसले. म्हणाले, काका, मराठीत बोला. लालबागच्या डॉक्टरांची चिठ्ठी खिशातच राहू दिली. विशेष काही नाही, म्हणालो. त्यांनी प्रेशरची एक आणि हृदयाची एक, अशा दोन गोळ्या लिहिल्या. तक्त्यात दोन रकाने वाढवले. जुनी गोळी चालू आहेच.

गुरुवार, १३
नाडी ६०. जेवण जात नाही, मळमळतं. शेजारच्या पद्मजाबाई म्हणाल्या, नव्या जागेचं पाणी बाधलं. वनमालाने विचारलं, भिंतींना हळद कोणी फासली? नखाने चुना खरवडून दाखवला. पांढरा.

सोमवार, १७
५२. माझा चेहरा पिवळा दिसतो म्हणते, हळदीला बसल्यासारखा. या वयात, म्हणालो. दोघंही हसलो. मग म्हणाली, कोपऱ्यात पिवळं लुगडं नेसून आई बसलीय. सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली. पद्मजाबाई म्हणतात, जागेचं काहीतरी आहे, नारळ ठेवा. मी असलं मानत नाही. एकही गोळी चुकवलेली नाही.

बुधवार, १९
४६. आज गोळ्या नको म्हणाली. रागावलो. मग तिने हात पुढे केला. "तुम्ही मोजून देता ना? मग बरोबरच असणार."
मीही कोपऱ्याकडे पाहिलं. भिंत — नाही. पांढरीच आहे.

गुरुवार, २०, सकाळ
हृदयाच्या गोळ्यांची जुनी बाटली, नवी बाटली शेजारी ठेवली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. खाली बारीक अक्षरं, भिंगाने — औषध एकच. बारा दिवस दुप्पट.
पुस्तकात पान आहे, हे औषध जास्त झालं तर काय होतं त्याचं. नाडी मंद, ओकारी, सगळं पिवळं दिसणं. पेन्सिलीची खूण माझीच.

दहा वाजता
डॉक्टरांना फोनवर खरं सांगितलं. म्हणाले, काही देऊ नका, तडक हॉस्पिटल गाठा. पद्मजाबाईंचे यजमान रिक्षा आणायला —
माझा डावा हात तिच्या मनगटावर. ३८.
किती, विचारते. बहात्तर म्हणालो.
हसली. कोपऱ्याकडे बघून सांगते, आई, यांनी मोजलीय.
रिक्षा अजून — पुन्हा मोजतो. एक. दोन.
ती —