पुसलेला भाग

मेढा
२३ मे

प्रिय धम्मपाल,

तीन वर्षांनी माझं पत्र बघून नवल वाटेल. फोनच करणार होतो, पण फोनवर मी मधेच विषय बदलला असता. सुट्टीमुळं शाळा रिकामी आहे. दुपारची वेळ, ऑफिसात एकटाच बसून लिहितोय.

ऑफिसातला जुना संगणक अजून चालतो. तू त्यात विंडोजशेजारी लिनक्स बसवलं होतंस, जुन्या यंत्राला ते हलकं पडतं म्हणून. तू संस्थेच्या शिराळ्याच्या शाळेत बदलून गेल्यावर ती बाजू कुणी उघडली नाही. तरी बटण दाबलं की दोन नावांची यादी यायची, आणि वरचं नाव तुझ्या लिनक्सचं असायचं. रोज सकाळी खाली सरकून विंडोज निवडावं लागे. गेल्या सोमवारी मी मुख्याध्यापकांना म्हणालो, जागा कमी पडतेय, तो भाग काढून टाकतो. ते हो म्हणाले. दोन मिनिटांचं काम होतं.

पुन्हा चालू केला तर काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, की असा भाग सापडत नाही. विंडोजही येईना. शाळेचे सगळे दाखले आत. मी पायलला फोन लावला. चौदा सालच्या दहावीतली आपली पायल, आता पुण्यात हेच काम करते. ती म्हणाली, कोणती बाजू उघडायची हे सुरुवातीला विचारणारा छोटा प्रोग्राम लिनक्सचा होता आणि तो अर्धाअधिक पुसलेल्या भागात गेला. विंडोज जागच्या जागी आहे, फक्त ते सुरू करून देणारं कुणी उरलेलं नाही. ते पेनड्राइव्हवरून दुरुस्त करता येतं. मग तिनं सहज विचारलं, "सर, त्या भागात काही ठेवलं होतं का?" मी "हो" म्हणालो. "मग आधी ते शोधू. तोवर त्या डिस्कवर काही लिहू नका."

तिनं फोनवर एकेक पायरी सांगितली. दुसऱ्या पेनड्राइव्हवरून संगणक चालू केला आणि पुसलेला भाग शोधायला लावला. तासाभरानं तो सापडला. आत तुझ्या नावाचं फोल्डर, त्यात 'स्मरणिका, मूळ प्रती', आणि तेवीसच्या तेवीस मुलाखती. त्या बाहेर काढल्या. मगच विंडोजच्या पेनड्राइव्हवरून दोन आज्ञा दिल्या आणि संगणक पहिल्यासारखा सुरू झाला. आता यादी येत नाही, सरळ विंडोज उघडतं.

त्या मुलाखतींसाठी आपण दोघं माझ्या मोटारसायकलवरून किती वाड्या हिंडलो. शाळेची पंचाहत्तर वर्षं, म्हणून स्मरणिकेत पलटणीतनं परतलेल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी घ्यायच्या, ही कल्पना तुझीच. मग शाळा समितीनं बौद्धवाड्यातल्या सात जणांची पानं जागेअभावी गाळायचं ठरवलं. त्यात तुझ्या वडिलांचं, धोंडिरामकाकांचंही पान होतं. तू अध्यक्षांशी, नाथाजीरावांशी, तोंडावर भांडलास, "आमच्या आळीतली माणसं काय कवायत बघायला गेलती व्हय?" आणि चारच दिवसांनी संगणकातल्या सगळ्या मुलाखती नाहीशा झाल्या. बैठकीत नाथाजीराव म्हणाले, "मास्तरनं राग काढला." तू उभा राहिलास. "मी पुसलं न्हाई. माझ्या बाजूला प्रत हाय, उघडून बघा." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. संगणकातलं कळणारा तुझ्याखेरीज मीच. मी म्हणालो, "मी बघितलंय. तिथं काही नाही." दुसऱ्या दिवसापासून तुला ऑफिसात येऊ दिलं नाही. आठवड्यात बदलीचा कागद आला. स्मरणिका निघाली ती सत्कारांच्या फोटोंची.

धम्मपाल, मी बघितलं नव्हतं. मुलाखती पुसल्या त्याही मीच. परीक्षेचा प्रोग्राम बसवताना घाईत विंडोजमधला मुलाखतींचा डी ड्राइव्ह फॉरमॅट केला आणि संध्याकाळी लक्षात आलं. सकाळी सांगू म्हटलं. सकाळपर्यंत तुझं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं होतं आणि मी ते होऊ दिलं. तुझी प्रत सापडली असती, तर पुसलं कुणी, हे विचारलं गेलं असतं. हे सगळं लिहून, सही करून मी आज मुख्याध्यापकांकडं दिलं आहे. रविवारी समितीपुढं स्वतः वाचून दाखवणार आहे. तू यावंस असं म्हणत नाही. गेल्या वर्षी धोंडिरामकाका गेल्याचं कळलं होतं, तेव्हा शिराळ्याची एसटी पकडायचं धाडस मला झालं नाही. त्यांची मुलाखत सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये सतरा नंबरला आहे. आवाज अगदी स्वच्छ आलाय. सगळं सांगून झाल्यावर ते विचारतात, "जयराज, हे छापून येनार न्हवं?" आणि मी म्हणतो, "येणार की, काका." तेवढं कापून पाठवणार होतो. मग तसंच ठेवलं.

तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा,
जयराज