माझ्या चाली मोकळ्या करण्याबाबत

मी, लक्ष्मीकांत रघुनाथ सोवनी, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, मूळचा वाईचा, हल्ली मुक्काम मुलाच्या घरी, फुनाबोरी, तोक्यो, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली नव्हे तर भलत्याच उत्साहात, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझी बुद्धी शाबूत आहे. सूनबाईंच्या मते गेल्या आठवड्यापासून जरा जास्तच शाबूत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. वाईचे दोन खोल्यांचे घर मुलगा सारंग व सून मिताली यांना निम्मे निम्मे. विकायचे तर खुशाल विकावे. न्हाणीमागचा पेरू मात्र नव्या मालकाला गोड बोलून सोपवावा.

कलम २. बँकेतली शिल्लक नात चैत्राली हिच्या शिक्षणासाठी. तिने काय शिकावे यात कोणी नाक खुपसू नये.

कलम ३. पेटीही चैत्रालीला. काळी चार दाबली की वर यायला वेळ घेते, तिला घाई करू नये. माझा लाकडी डस्टर, ज्याने टेबलावर मी जन्मभर ताल धरला, तो आमचे मुख्याध्यापक प्रल्हाद इनामदार यांना, हयात असल्यास, पोस्टाने धाडावा. तपासणीला आलेल्या साहेबांनी पोरांची कविता ऐकून "चाल कोणाची?" असे विचारले, तेव्हा हे गृहस्थ "आमच्या शाळेची" म्हणाले. माझ्याकडे दाखवले असते तर बोट झिजले नसते. सारंग म्हणतो, नोकरीत केलेले काम कधी कधी मालकाचेच ठरते. असेल. पगार शिकवण्याचा होता, चालींचा नव्हता.

कलम ४. आता चाली. पाठ्यपुस्तकातल्या कवितांना मी वर्षानुवर्षे चाली लावल्या. नकाशे आणि पाढे विसरलेली माझी मुले पन्नाशीत भेटली तरी चाल म्हणून दाखवतात. पण ही मालमत्ता असते हे मला ठाऊक नव्हते! मिताली इथल्या मराठी मुलांचा रविवारचा वर्ग घेते. तिने 'ओढ्याकाठचा बगळा' माझ्या चालीत शिकवून व्हिडिओ नेटवर टाकला:

पाय एक उचलून बगळा काय बरे मोजतो?
ओढ्यामध्ये ऊन सांडले, एक एक वेचतो.

तो ऐकून पुण्याच्या एका कंपनीचे पत्र आले. मुलांच्या ॲपसाठी माझ्या सगळ्या चाली हव्यात, पण हक्क फक्त त्यांचाच. वर्गाने व्हिडिओ नेटवरून काढून टाकायचा, पुढे गायचे तर ॲप विकत घ्यायचे. मितालीने धास्तीने 'बगळा' वर्गाच्या संमेलनातूनही वगळला.

सारंग इथे गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "बाबा, सही करा. तुमच्यानंतरही हक्क चालतो. आपल्याकडे साठ वर्षं, इथे सत्तर."

"इथे पन्नास होती ना?"

"होती. व्यापारी करारापायी वाढवली."

"म्हणजे चैत्राली नव्वदीला टेकेपर्यंत बगळा पिंजऱ्यात?"

"तसं नाही हो. आमच्या ऑफिसात दिवसभर चित्रं काढणारी माणसं आहेत. सगळंच फुकट केलं तर त्यांनी काय कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत दूध-ब्रेड विकायचं?"

मुद्दा बिनतोड होता. मी चैत्रालीला घेऊन सायकलीने आराकावा नदीच्या काठी गेलो. पाण्यात खरोखरचा बगळा, एका पायावर. "जीजी, शिरासागी!" ती ओरडली (जीजी म्हणजे मी, आजोबा), आणि बगळ्याचे ते जपानी नाव माझ्याच चालीत बसवून गाऊ लागली. बसलेही! कुठे तो कृष्णाकाठचा वर्ग, तेलाचा वास असलेली डोकी, आणि कुठे ही नदी. अशी वस्तू कुलपात ठेवायची?

घरी येऊन लिहून टाकले, "माझ्या सर्व कविता जगाला मोफत." मिताली हसत सुटली. "बाबा, कविता तुमच्या कुठे आहेत? चाल तुमची, शब्द कवीचे." खरेच की! आम्ही मास्तर लोक "माझी कविता घेऊन झाली" म्हणतो, आणि हळूहळू ते खरे मानू लागतो.

मग 'बगळा'चे कवी कै. गोपाळ नाईकवडी यांच्या कन्या लताबाई यांना सांगलीस फोन लावला. "पुस्तक बदलल्यापासून अण्णांचं नाव कुणी काढलं नाही हो," त्या म्हणाल्या. "म्हणू द्या पोरांना. कंपनी कमावणार असेल तर अण्णांचा वाटा ठेवा. आणि आधी नाव घ्यायचं, शाळेत घेतात तसं."

सबब: जिथे कमाई नाही तिथे माझी चाल कोणीही गावी, शिकवावी, नेटवर टाकावी, बिघडवावीसुद्धा. जो कमाई करील त्याने चालीचा मोबदला रविवारच्या वर्गाला व शब्दांचा कवीच्या वारसांना द्यावा. एकट्यानेच वापरण्याचा हक्क कोणालाही नाही, सारंगलाही नाही. आधी कवितेचे नाव, मग कवीचे. शेवटी माझे घेतले तर आनंदच. ज्या कवींचे वारस सापडत नाहीत त्यांच्या कवितांच्या चाली तूर्त नुसत्या गुणगुणाव्यात. धन्याचा पत्ता लागत नसेल तर ठरलेली रक्कम भरून काही काळ वापरण्याची सोय इथल्या नव्या कायद्यात केली आहे म्हणतात. सारंगने चौकशी करावी. त्याला कायदा कळतो, मला वृत्ते.

कलम ५. व्यवस्थापक मिताली. माझे जुने कागद कोणत्या वारच्या कचऱ्यात जातात हेही तिलाच कळते.

दुरुस्ती. सह्यांसाठी सगळे बसले असता चैत्रालीने विचारले, "जीजी, हे तुम्ही मेल्यावर ना? मग उद्या संमेलनात नाही गायचं?"

मी सारंगकडे पाहिले.

"कंपनीला लिहितो," तो म्हणाला. "वापरा, पैसे द्या, पण एकट्याने नाही."

"ते नाही म्हणाले तर?"

"तर नाही. मेल मी पाठवतो बाबा, तुम्ही फक्त मरायची वाट बघू नका."

म्हणून संपूर्ण कलम ४ वर मी रेघ मारली असून शेजारी माझा हान्को, म्हणजे नावाचा शिक्का, उठवला आहे. त्यातला शब्द न् शब्द आज दुपारपासून कायमचा अमलात आला आहे, सबब त्याला मृत्युपत्रात जागा नाही. 'बगळा' उद्याच्या कार्यक्रमात पहिला आहे. उरलेल्या कलमांची मला मुळीच घाई नाही.

(सही व हान्को) लक्ष्मीकांत रघुनाथ सोवनी

वरील सही आमच्या दोघांसमक्ष केली. रेघही आमच्यासमोरच मारली, पट्टी न घेता.

साक्षीदार:
१. विश्वजित देवधर, उरायासु
२. स्नेहलता कारखानीस, फुनाबोरी

स्थळ: फुनाबोरी, एदोगावा, तोक्यो
शनिवार, ११ एप्रिल २०२६