मीठगडचा शेवट कोणाच्या हाती द्यायचा

मी, गिरजाबाई खंडू कड, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी फिरत्या तंबू टॉकीजची तिकीटखिडकी सांभाळणे आणि आता खाटेवर पडणे, राहणार चाकण, तालुका खेड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलणं मात्र पंधरवड्यापासून फार वाढलं आहे, तेव्हा लिहायची वेळ आलीच असं धरते. वकील केला नाही, कारण जो सुचवला तो माझ्या मुलाच्या, मारुतच्या, ओळखीचा निघाला.

एक. चाकणचं दोन खोल्यांचं घर मुलगा मारुतराव यास द्यावं. तो पिंपरीच्या कंपनीत आहे, शिफ्ट करतो, व्यसन नाही. सिनेमावाल्याच्या पोटी जन्मून त्याला सिनेमाची एवढी चीड का, हे मला आजवर कळलेलं नाही. घर त्याचंच आहे, त्याबद्दल माझी कुरकुर नाही.

दोन. पाटल्या आणि तांब्याचा मोठा हंडा सून कस्तुरा हिला. मुलगी कष्टाळू आहे. फक्त सकाळी तब्येत विचारताना तिची नजर माझ्या तोंडाकडे नसते, खाटेखालच्या पेट्यांकडे असते. पेट्यांत हंडा नाही, हे तिने इथे वाचून घ्यावं.

तीन. तंबूचं कापड उंदरांनी खाल्लं आहे. उरलेल्याचं काय करायचं ते उंदरांनाच विचारा.

चार. आता खाटेखालच्या पेट्या, म्हणजे सिनेमाच्या रिळांच्या. हे कलम लांबेल, साक्षीदारांनी कंटाळू नये.

"मीठगडची बिजली" हे पोरांचं पुस्तक ज्याने वाचलं नाही त्याच्यासाठी थोडक्यात लिहिते. मीठगडचा राजवाडा सगळा मिठाचा. तिथे रडायला बंदी, कारण अश्रू पडला की भिंत विरघळते. बिजली नावाची पोर तिथे चुकून जाऊन अडकते. राजा तिला हसवून ठेवतो, खाऊ घालतो, घरी जाऊ देत नाही. शेवटी तिला आईची आठवण येते आणि ती मनसोक्त रडते. राजवाडा वाहून जातो, आणि ओलाचिंब राजा तिलाच विचारतो, "पोरी, माझं घर कुठल्या बाजूला होतं गं?" बास, पुस्तक संपलं. मशीन बंद पडलं की तंबूत कंदिलाच्या उजेडात मी हे वाचून दाखवत असे, आणि आरडाओरडा करणारे लोक गप्प बसत.

या पुस्तकावर दोन सिनेमे निघाले. पहिला चौसष्ट सालचा, काळा-पांढरा. कंपनी गरीब होती. राजाची दाढी एका ठिकाणी चक्क सुटून लोंबते. पण बिजली झालेली पोर हडकुळी, पुढचा दात पडलेली, खरी. आणि ती रडते तेव्हा रडते. ती कंपनी बुडाली तेव्हा आमच्या मालकांनी, म्हणजे खंडूशेठनी, प्रिंट विकतच घेतली.

दुसरा एकाहत्तर सालचा, रंगीत. त्यातली बिजली गुबगुबीत, गालाला लाली, केसांना रिबीन. राजाबरोबर एक गाढव आणि एक विनोदी हवालदार, जे पुस्तकात शोधून सापडणार नाहीत. शेवटी ती रडतच नाही. गाणं म्हणते, आणि मिठाचा राजवाडा सोन्याचा होतो. अहो, सोन्याचा झाला तर पोर घरी कशाला जाईल? खऱ्याला खरं म्हणायचं तर मीठवाऱ्याचा, म्हणजे मिठाचं वादळ सुटतं तो, प्रसंग रंगीतमध्ये जास्त चांगला आहे, माझ्या तोंडाला खारट चव आली होती. बाकी सगळा पाहुण्यांसाठी केलेला स्वयंपाक.

रंगीत प्रिंट आल्यावर मालकांनी जुनी विकायला काढली. जुन्नरकडचा एक तंबूवाला सौदा करून घ्यायला आला. पेट्या उघडल्या तर शेवटच्या रिळाचा डबा रिकामा. शेवट नसलेला सिनेमा घेऊन तो काय करणार, आल्या पावली गेला. डब्यांची किल्ली आमचा ऑपरेटर फारूक याच्याकडे असे. मी त्याच दिवशी तोंडावर म्हटलं, "फारूक, रीळ तू विकलंस." तो म्हणाला, "मालकीणबाई, तुमाला तसं वाटतंय तर तसं." हे काय उत्तर झालं?

पुढे चिखलीच्या जत्रेत मी जुनाच सिनेमा लावायचा हट्ट धरला. शेवटचं रीळ नाही, म्हणून फारूकने रंगीत सिनेमाचं शेवटचं रीळ त्याला जोडलं. हडकुळी पोर एका दारातून आत गेली आणि दुसरीकडून गुबगुबीत, रंगीत होऊन निघाली. मला वाटलं, आता खुर्च्या मोडणार. पण लोकांनी टाळ्या पिटल्या. मीठगडचं मीठ खाऊन पोर बाळसं धरते, अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली. देहूरोडला तर मग तसाच खेळ मागू लागले आणि मालकांनी पाटी रंगवली, "शेवट रंगीत." मी त्या दिवसापासून शेवटाला खिडकी बंद करून बाहेर बसू लागले. खरा शेवट मी तेव्हापासून पाहिलेला नाही.

मालक गेले, तंबू मिटला, फारूकने चिंचवडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आता मारुतने पुण्याचा एक माणूस आणला. जुन्या फिल्मवरची चांदी धुऊन घ्यायची आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या करायच्या, हा त्याचा धंदा. रंगीत फिल्मला चांदी नसते, म्हणून त्याला काळा-पांढराच हवा. तो वजनावर घेतो, शेवट आहे की नाही विचारत नाही. मारुत म्हणतो, "आई, टीव्हीच्या जमान्यात तंबूला कोण कुत्रं विचारतंय?"

ही बातमी लागल्यावर परवा फारूक आला. सायकलच्या कॅरिअरला गोणपाटात बांधलेला डबा. म्हणाला, "शेवटचं रीळ. मीच ठेवलं होतं. आख्खी असती तर शेठनी विकली असती. अर्धवट होती म्हणून घरात राह्यली." मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?" तर म्हणे, "तुमी शेठला सांगितलं असतं. तुमच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

बोलणं पटतं, आणि तिथेच माझा संशय वाढतो. मी आजारी पडल्यावरच हा कसा आला? डब्यात तेच रीळ आहे कशावरून? पट्टी उजेडाला धरून पाहिली, पण या डोळ्यांना मुंगीएवढी पोर दिसेना. तरी रात्रभर डबा उशाशी घेऊन झोपले, हेही लिहून ठेवते.

पाच. म्हणून असं ठरवते. डब्यात खरा शेवट असेल तर दोन्ही प्रिंटा, मशीन आणि पडदा फारूकला द्यावा, आणि मारुतने त्यात हात घालू नये. खोटा असेल तर काळा-पांढरा चांदीवाल्याला आणि बाकीचं वाटेल त्याला द्यावं, मला मग त्याचं काही नाही.

सहा. खरंखोटं माझ्यामागे पाहावं, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. माझ्यामागे तुम्ही काय पाहाल आणि काय सांगाल, याचा मला भरवसा नाही. येत्या शनिवारी बाजार उठल्यावर बाजारतळावर पडदा लावावा. जुना सिनेमा, जुन्याच शेवटासह. मला खाटेसकट उचलून न्यावं. डॉक्टर नको म्हणतील, त्यांनाही बोलवावं. सही मी सिनेमा संपल्यावर करीन.

साक्षीदार म्हणून कोंडीराम आणि दुर्गाबाई यांना घेतलं आहे. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, त्यामुळे संगनमत व्हायचं भय नाही.

चाकण, ता. १८ फेब्रुवारी १९८१.

पुढील मजकूर पडद्यासमोर, खाटेवर बसून, कंदिलाच्या उजेडात लिहिला आहे.

पाहिला. तेच रीळ आहे. पोर रडली, राजवाडा वाहिला, राजाने घर विचारलं. मारुत शेजारी बसला होता. म्हणाला, "मला वाटत होतं लहानपणी मी सोन्याचाच पाहिला. पण पाहिला होता तो हाच." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. धूळ गेली म्हणतो. बाजाराच्या दिवशी धूळ असतेच, तेव्हा कलम पाच आहे तसंच राहील.

फारूकवरचा संशय आजपासून काढून घेतला आहे. जुना होता, काढताना जड गेलं.

सही: गिरजाबाई खंडू कड
साक्षीदार: कोंडीराम भिवा गायकवाड (सही), दुर्गाबाई मांडेकर (डाव्या हाताचा अंगठा)
ठिकाण: बाजारतळ, चाकण. ता. २१ फेब्रुवारी १९८१, शनिवार.