वराच्या पत्त्यातलं गाव

३ एप्रिल १९९९
सारंगखेड्यात सी प्रोग्रामिंग येणारा मी एकटाच. म्हणजे येत आलंय. आज शेजारच्या रूपचंदआप्पांनी स्वतः बोलावलं. "आमनी पोर रंजनानं लगीन शे. पत्रिकास्नं काम कॉम्प्युटरवर कर. तुन्हाशिवाय आठे कोणले येस?" वराचं नाव विचारलं. म्हणाले, सुपारी फुटेपर्यंत आमच्यात नाव सांगत नाहीत. आणि माझ्याकडे बघून हसले. एवढं न समजायला मी काही बावळट नाही.

६ एप्रिल
शहाद्याला क्लासमध्ये दिवसभर. स्ट्रक्चर म्हणजे माहितीचा कप्पा; त्याच्या पोटात आणखी कप्पे केले: लग्नात वर, वरात पत्ता, पत्त्यात गाव. मग थेट 'लग्न डॉट गाव' लिहिलं. एरर. सर म्हणाले, कुणाचं गाव? पत्ता वधूलाही आहे, वरालाही. एकेक दार उघडत आत जायचं: लग्न डॉट वर डॉट पत्ता डॉट गाव. मी विचारलं, दोघांचं गाव एकच असलं तर? म्हणाले, एका गावात सोयरीक करतं का कोणी? सरांना इथलं काय कळणार, ते धुळ्याचे.

९ एप्रिल
एकही डॉट विसरायचा नाही, असा सकाळी निश्चय केला. बारा एरर. कीबोर्ड जुना आहे.

११ एप्रिल, सायंकाळी
चाललं! जागा रिकामी ठेवली की भलतीच अक्षरं छापून येतात, म्हणून वराच्या नावात माझं नाव भरलं. केवळ टेस्टिंगसाठी. 'चि. सुकलाल, सारंगखेडा.' शेजारी 'चि. सौ. कां. रंजना'. छान दिसतं. चार प्रती काढल्या. एक चुकून आप्पांना द्यायच्या कागदांत गेली. चुकूनच.

१३ एप्रिल
ओट्यावर सगळे बसलेले. आप्पांनी कागद वाचला. "हाई तुन्हं नाव आठे कसं उनं?" टेस्टिंग, म्हटलं. आता विषय निघणारच. आप्पा म्हणाले, "बरं शे. सुपारी कालदिन फुटनी. आते जवाईनं नाव टाक."
चिडले असते तर बरं झालं असतं. रागवावं इतकाही मी त्यांच्या मनात नव्हतो.
नाव रंजनाच्या आत्याबाईंनी सांगितलं. पत्ता आत्याबाईंना नीट येईना, तेव्हा दारामागून रंजनाने सांगितला. गाव प्रकाशा, मारुतीच्या मागची गल्ली, निंबाजवळचं तिसरं घर. एकदाही अडखळली नाही. मी लिहून घेतलं. फार दुखलं.

१५ एप्रिल
सगळं भरलं. लग्न डॉट वर डॉट पत्ता डॉट गाव: प्रकाशा. प्रोग्राम बिनचूक चालला, पत्रिका सरसर छापून आल्या. मी कीबोर्डवर डोकं ठेवून रडलो. सर पाठीवर हात ठेवून म्हणाले, पहिला प्रोग्राम चालला की होतं असं.