ओल्या आभाळावरून

फाएन्झा, ११ नोव्हेंबर १९७४

प्रिय गास्पारे,

अकरा खुर्च्या (दोन मोडक्या दिसणाऱ्या; त्यांना धडधाकट खुर्चीच्या दुप्पट वेळ लागतो), पत्र्याचा गडगडाट, लठ्ठ नायिकेला पेलणारा सज्जा, आणि बारा मीटर बाय सातचं आभाळ. तुझ्या पहिल्या नाटकासाठी एवढं मी या हातांनी केलं.

तू कुशल असशीलच, वर्तमानपत्रं रोज सांगतात. इकडे इल्देचा गुडघा सोडला तर सगळं ठीक.

गेल्या रविवारी टीव्हीवर तुझी मुलाखत पाहिली. नव्या चित्रपटाबद्दल अभिनंदन. त्या नेपथ्यकाराला जवळ घेऊन तू म्हणालास, "फाब्रित्सिओ म्हणजे माझे हात."

इल्दे म्हणाली, "नेव्हिओ, आधी सुरी खाली ठेव."

"मला काय त्याचं!"

"हो ना, म्हणून तर अर्ध्या तासात एकच चेस्टनट सोललंस."

अकादमीत शिकलेला आहे तो. त्याची रेखाटनं मासिकात पाहिली. छान आहेत. दाराच्या बिजागऱ्या तेवढ्या उलट्या बाजूला आहेत. ते दार उघडणार नाही.

मग तू त्या पहिल्या नाटकातल्या ढगांवर आलास. तुला ते सिसिलीत, बोटीवर सुचले म्हणे. तेव्हा तू सिसिली पाहिलीसुद्धा नव्हतीस! कापड जमिनीवर पसरलेलं, मी पायांत नुसते मोजे घालून, लांब दांड्याच्या ब्रशने निळा देत होतो. आपल्याकडे आभाळ चालत चालतच रंगवतात. तू ओरडत आलास, "पाद्रीबाबा चर्चचा हॉल द्यायला हो म्हणाले! उद्या प्रयोग!" आणि बूट न काढता ओल्या आभाळावरून सरळ माझ्यापर्यंत. चौदा पावलं. डावी टाच झिजलेली. मागे वळून पाहिलंस आणि रडायलाच लागलास.

"रडतोस काय गाढवा, पांढऱ्याची बादली दे."

सकाळपर्यंत मी प्रत्येक पावलाचा ढग केला. तेव्हा माझे रंगाने माखलेले पंजे धरून तू जे म्हणालास, तेच रविवारी ऐकलं. फक्त नाव दुसरं होतं.

ढग तुझे म्हण, हरकत नाही. ते शब्द मात्र माझे होते.

बावीस वर्षांत तुझ्याकडे काही न मागितलेला,
नेव्हिओ

ता.क. कापड अजून माझ्याकडे आहे. उजेडासमोर धरलं की ढगांच्या आत बूट दिसतात. इल्दे बाजारात काहीतरी बोलून गेली असणार, कारण शुक्रवारी मिलानच्या एका साप्ताहिकाचा माणूस दारात हजर. त्याला कापडाचा फोटो हवा होता आणि हकिकतीखाली माझी सही. मी नाही म्हटलं. वीस लाख लिरा देत होता.