‘ड्र’चा गठ्ठा

प्रिय धाकट्या,

माझं अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस, आधी वाच. नाना जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. मी तुला उशिरा कळवलं, हे खरंच आहे. तू बोटीवर होतास, नोकरी नवी होती, म्हटलं उगाच जिवाची धावपळ नको. माझा शहाणपणा मला नडला, दुसरं काय!

शब्दकोशाच्या कचेरीत मला आता नानांचंच टेबल मिळालंय. आमच्याकडे इंग्रजी शब्द सुरुवातीच्या अक्षरांप्रमाणे वाटून देतात. नानांचा शेवटचा गठ्ठा ‘ड्र’चा, तो तपासायला माझ्याकडे आला. एका शब्दाला एक कार्ड, वर अर्थ, खाली वापराचं एक वाक्य. नानांची खोड तुला माहीतच आहे, वाक्य नेहमी आपल्या घरातलं. हा शब्दकोश आहे की घरची रोजनिशी, असं वरचे लोक ओरडायचे आणि नाना आपले ढिम्म.

तर पहिलं कार्ड ‘ड्रेन’चं. अर्थ: सांडपाण्याची वाट. वाक्य: ‘ताईने मोरीत अडकलेले केस काढले.’ मला हसू आलं. घरी गेले तर मोरी तुंबलेली. दुसऱ्या दिवशी ‘ड्रॉवर’, म्हणजे टेबलाचा खण. ‘खणाची मूठ ताईच्या हातात आली.’ कार्ड ठेवायला खण ओढला आणि मूठ निघून हातात. टेबल जुनं आहे, मी मनाची समजूत घातली. मग ‘ड्रिप’ आला, नळीतून थेंब थेंब दिलं जाणारं औषध. ‘टकल्या साहेबांना सलाईन लावलं.’ टकल्या साहेब कचेरीत आले सहा महिन्यांपूर्वी, नानांनी त्यांचं तोंडही पाहिलेलं नाही. दुपारी ते जिन्यातच कोसळले. आता बरे आहेत, पण मी त्यांच्या खोलीत पाऊल ठेवत नाही.

ही कार्डं कुणाला दाखवू? वेडात काढतील. अक्षर नानांचंच आहे, ‘ताई’तल्या वेलांटीला तोच बाक. आपला बाप आपल्याला घाबरवायला काही लिहिणार नाही रे. काल मात्र धीर सुटला आणि मी पुढची दोन कार्डं एकदम काढली.

‘ड्राउन’, म्हणजे बुडणं. ‘धाकटा शनिवारी बोटीवर गेला, तो वर आलाच नाही.’ त्याच्या आधीचं कार्ड ‘ड्रॉप’, म्हणजे टाकणं. ‘ताईने धाकट्याला लिहिलेलं पत्र पेटीत टाकलं.’ रात्रभर मी ही दोनच वाक्यं वाचत होते. तोंडावर तू दार लावून घेशील, माझं बोलणं ऐकणार नाहीस, म्हणून हे सगळं लिहून काढलं. पण पत्र पेटीत टाकणार नाही, टाकलं तर ते शनिवारनंतरच तुझ्या हाती पडेल. आज शुक्रवार आहे, पहिल्या गाडीने निघतेय. दार लावलंस तर फटीतून सरकवीन आणि उद्याची बोट सुटून जाईपर्यंत तुझ्या पायरीवरून हलणार नाही. या वेळी तुला कळायला उशीर होऊ देणार नाही.

तुझीच,
ताई